क्लाउड फायरवॉल की व्हीपीएन : डेव्हलपरने निवड कशी करावी

क्लाउड फायरवॉल म्हणजे कोणत्या पत्त्यावरून काय आत येऊ द्यायचे हे ठरवणारा, सर्व्हरबाहेरचा पहारा; व्हीपीएन म्हणजे किल्ली असलेल्यांसाठीचा खाजगी बोगदा. निवड करण्यापूर्वी सर्व्हरवर कोणकोणते पोर्ट (सेवांचे क्रमांकित दरवाजे) उघडे आहेत याची यादी करावी आणि प्रत्येकासमोर तिथे कोणाचे काम असते ते लिहावे. ४४३ वर वेबसाइटचे अनोळखी वापरकर्ते येतात. २२ वरील एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याची सोय), ५४३२ वरील पोस्टग्रेस किंवा ६३७९ वरील रेडिस हे डेटाबेस यांच्याशी मात्र आपल्या टीमबाहेरच्या कोणाचाही संबंध नसतो. बहुतेक उत्तर या यादीतच मिळते.

अनोळखी लोकांसाठीच्या पोर्टवर व्हीपीएनचा उपयोग नाही, कारण येणाऱ्या प्रत्येकाला किल्ली देता येत नाही. तिथे क्लाउड फायरवॉल हवी. आणि एसक्यूएल इंजेक्शनसारख्या (विनंतीतून डेटाबेसच्या आज्ञा घुसवणाऱ्या) हल्ल्यांची भीती असेल, तर वेब ॲप्लिकेशन फायरवॉलही हवी, कारण साधे पोर्टचे नियम विनंतीच्या आत डोकावत नाहीत.

खरा घोळ टीमच्या पोर्टवर होतो. ॲमेझॉनच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे तिथल्या क्लाउड फायरवॉलमध्ये, ‘माय आयपी’ निवडून २२ चा नियम करणे मिनिटभराचे काम आहे, पण तो नियम पत्ता ओळखतो, माणूस ओळखत नाही. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलतो, आणि मोबाइल नेटवर्कवर तर एकाच सार्वजनिक आयपीमागे अनेक ग्राहक असतात. एका रात्री डिप्लॉयमेंट अडकल्यावर मी २२ साठी ०.०.०.०/०, म्हणजे कोणत्याही पत्त्याला मुभा, असा ‘तात्पुरता’ नियम टाकला आणि विसरलो. सकाळी लॉग उघडला तेव्हा रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने झालेल्या फसलेल्या लॉगिनच्या ओळी संपता संपत नव्हत्या.

म्हणून टीममधील कोणी घरून किंवा प्रवासातून काम करत असेल, तर या पोर्टसाठी व्हीपीएनच निवडावे. वायरगार्ड हे व्हीपीएन मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे. त्यात प्रत्येक लॅपटॉपची सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर नोंदवली जाते, त्यामुळे कोणी टीम सोडली की त्याची नोंद काढून टाकणे पुरते. ओळख न पटलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही, हा त्याचा मला सर्वांत आवडणारा गुण. लॅपटॉपवरील ‘अलाउड आयपीज’मध्ये (कोणत्या पत्त्यांची वाहतूक बोगद्यातून न्यायची, त्या यादीत) मात्र १०.०.०.०/२४ असा आपला खाजगी पट्टाच लिहावा, तिथे ०.०.०.०/० लिहिल्यास व्हिडिओ कॉलसकट सगळी वाहतूक सर्व्हरमार्गे जाऊ लागते.

व्हीपीएन आले म्हणून फायरवॉल काढू नये. तिच्यात ४४३ आणि वायरगार्डचा यूडीपी ५१८२० एवढेच आत येऊ द्यावे. कंटेनर चालवणारे डॉकर स्वतःचे आयपीटेबल्सचे (लिनक्समधील पॅकेट गाळण्याचे) नियम लिहीत असल्याने त्यातून प्रकाशित केलेला पोर्ट सर्व्हरवरील यूएफडब्ल्यू या फायरवॉलला बगल देऊन उघडा राहतो, पण मशीनच्या बाहेर असलेली क्लाउड फायरवॉल त्याला अडवते. २२ चा नियम काढण्यापूर्वी चालू सेशन तसेच ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून व्हीपीएनच्या खाजगी पत्त्यावर लॉगिन करून पाहावे, आणि बोगदाच बंद पडला तर आत शिरता यावे म्हणून क्लाउडच्या वेब कन्सोलमधून प्रवेश मिळतो का, तेही त्याच वेळी तपासावे.