अमेरिकेतील कॉलेजात फ्रॅटर्निटीचे सदस्य कसे व्हावे आणि त्यातून काय मिळते

"मामा, मला बिड आलंय, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचंय," असा माझ्या भाच्याचा फोन आला, तेव्हा त्याला अमेरिकेतील कॉलेजात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. बिड म्हणजे फ्रॅटर्निटी या विद्यार्थी-संघटनेत येण्याचे निमंत्रण. त्याच्या हातात जाड कागदाचे एक कार्ड होते. त्यावर तीन ग्रीक अक्षरे छापलेली होती आणि खाली शाईने त्याचे नाव लिहिलेले होते. वर्षाला किती पैसे भरावे लागतील, पुढचे आठवडे कसे जातील, फ्रॅटर्निटीच्याच घरात राहायला जावे लागेल का, हे मी विचारले. त्याला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मुलगा हुशार आहे, पण तीन आठवडे परक्या गावात एकटे जेवल्यानंतर कोणी आपले नाव कार्डावर लिहून देते, तेव्हा प्रश्न सुचत नाहीत. ते आधीच ठरवून ठेवावे लागतात, आणि त्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

फ्रॅटर्निटी म्हणजे नेमके काय

फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातील मुलांची सदस्यत्वावर चालणारी, बहुधा ग्रीक अक्षरांच्या नावाची संघटना. मुलींच्या अशा संघटनेला सोरॉरिटी म्हणतात. पहिली ग्रीक अक्षरांची संस्था, फाय बीटा कॅपा, ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झाली. ही तीन अक्षरे म्हणजे 'ज्ञानाची ओढ हे आयुष्याचे सुकाणू' अशा अर्थाच्या ग्रीक वाक्याची आद्याक्षरे आहेत. ती संस्था आज केवळ गुणवंतांची मानली जाते. आपण ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतो, म्हणजे एकत्र राहणे, जेवणे, समारंभ आणि आयुष्यभराचे नाते, तिची वाट न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात १८२५ मध्ये स्थापन झालेल्या कॅपा अल्फा सोसायटीने पाडून दिली.

या संघटनांत कृष्णवर्णीयांना आणि इतर अनेकांना दीर्घकाळ प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच्या संघटना उभ्या केल्या. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ मध्ये अल्फा फाय अल्फा आणि हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये अल्फा कॅपा अल्फा ही सोरॉरिटी स्थापन झाली. कमला हॅरिस याच सोरॉरिटीच्या सदस्य आहेत. नव्वदच्या दशकात भारतीय आणि दक्षिण आशियाई घरांतील मुलांनीही तोच मार्ग धरला. बिंगहॅम्टनमध्ये १९९४ साली आयोटा नू डेल्टा, टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील शाखेत १९९८ साली डेल्टा एप्सिलॉन साय, लॉस एंजेलिसमध्ये १९९९ साली बीटा काय थीटा या फ्रॅटर्निटी सुरू झाल्या, तर मुलींसाठी ह्यूस्टनमध्ये १९९८ साली डेल्टा फाय ओमेगा ही सोरॉरिटी सुरू झाली. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये वाढलेल्या मराठी मुलांच्या तोंडी ही नावे आली, तर आईवडिलांनी बावरून जाऊ नये.

आपल्यासाठी कोणती, हे आधी ठरवावे

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतातून अमेरिकेत जाणारे आपले बहुसंख्य विद्यार्थी एम.एस. करायला जातात, आणि सामाजिक फ्रॅटर्निटी बहुधा पदवीपूर्व विद्यार्थ्यांनाच घेतात. एम.एस. करणाऱ्याने त्यांच्या मागे लागून दिवस घालवू नयेत. त्याच्यासाठी गुणवत्तेवर निवड करणाऱ्या संस्था आहेत, उदाहरणार्थ अभियांत्रिकीची टाऊ बीटा पाय (१८८५) किंवा विद्युत आणि संगणक शाखांची ईटा कॅपा नू (१९०४). त्यांचे निमंत्रण गुणांवर येते आणि पुढे नोकरीच्या अर्जात ते उपयोगी पडते.

पदवीपूर्व विद्यार्थ्यापुढे मात्र अनेक वाटा असतात. सामाजिक फ्रॅटर्निटीखेरीज अल्फा कॅपा साय (१९०४) सारख्या व्यवसायाभिमुख संघटना आहेत, अभियंत्यांची थीटा टाऊ आहे, आणि १९२५ मध्ये स्थापन झालेली अल्फा फाय ओमेगा ही सेवाकार्याची संघटना आहे. या तिन्हींमध्ये मुलगे आणि मुली दोघांनाही प्रवेश असतो. राहण्याचे घर नको, रात्रीच्या पार्ट्या नकोत, पण माणसे हवीत, असे वाटणाऱ्याने प्रथम यांच्याकडेच पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विल्यम्स, अॅमहर्स्ट, बोडन अशा काही कॉलेजांनी फ्रॅटर्निटी केव्हाच बंद केल्या आहेत, तेव्हा आपल्या कॉलेजात त्यांना मान्यता आहे का, हेही पाहून ठेवावे.

पहिली पायरी: सत्र सुरू होण्याआधी चौकशी करावी

जवळजवळ प्रत्येक मोठ्या विद्यापीठात फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींचे काम पाहणारे स्वतंत्र कार्यालय असते. त्याच्या पानावर मान्यताप्राप्त चॅप्टरची यादी मिळते. चॅप्टर म्हणजे राष्ट्रीय संघटनेची त्या कॉलेजातील शाखा. अनेक ठिकाणी प्रत्येक चॅप्टरची सरासरी गुणश्रेणी आणि शिस्तभंगाची नोंदही मिळते. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या संघीय कायद्याने, सदस्यांच्या छळाबाबत दोषी ठरलेल्या संघटनांच्या माहितीचा अहवाल प्रसिद्ध करणे महाविद्यालयांवर बंधनकारक केले आहे. तो अहवाल अर्धा तास काढून वाचावा. एखाद्या चॅप्टरची मान्यता काढून घेतली असूनही तीच मुले भाड्याच्या घरातून तेच नाव चालवत असतील, तर तिकडे फिरकूही नये, कारण तेथे काही झाले तर उत्तर देणारे कोणीच नसते.

राष्ट्रीय नाव मोठे असले म्हणून तुमच्या कॉलेजातील चॅप्टर चांगला असतो असे नाही. नाव एकच असलेल्या दोन चॅप्टरांत एके ठिकाणी रविवारी रात्री सगळे अभ्यासाला बसतात आणि दुसऱ्या ठिकाणी पोलीस येतात. पारख चॅप्टरची करायची असते, अक्षरांची नव्हे.

दुसरी पायरी: रशच्या दिवसांत भेटीगाठी

सदस्य निवडण्याच्या आठवड्याला रश किंवा रिक्रूटमेंट म्हणतात. तो बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात आणि पुन्हा जानेवारीत असतो. काही विद्यापीठे पहिल्या सत्रात नव्या मुलांना भागच घेऊ देत नाहीत, आणि हा नियम मुलांच्या हिताचाच आहे. विद्यापीठाच्या पानावर नाव नोंदवून, वेळापत्रक पाहून, निदान चार-पाच चॅप्टरांना भेट द्यावी. दक्षिण आशियाई आणि बहुसांस्कृतिक संघटनांच्या रशचे वेळापत्रक वेगळे असते, म्हणून त्यांची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

प्रत्यक्षात घडते ते असे. हिरवळीवर टेबल मांडलेले असते, छातीवर नावाचे स्टिकर लावले जाते आणि तीन मिनिटांत पाच जण हात मिळवून जातात. माझ्या भाच्याचे नाव अनिरुद्ध. पहिल्या दिवशी दोघांनी ते 'अॅनी' करून टाकले. तिसरा मात्र थांबला, त्याने ते स्टिकरवरून पुन्हा वाचले, "मी बरोबर म्हणतोय ना?" असे विचारले, आणि दुसऱ्या दिवशी भेटल्यावर पूर्ण नावाने हाक मारली. अशा लहान गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपण त्यांच्या पसंतीस उतरतो की नाही याची काळजी मुलांना फार असते. ते आपल्या पसंतीस उतरतात का, हे पाहण्याचेही तेच दिवस असतात. वरच्या वर्षांच्या मुलांशी बोलावे, केवळ स्वागताला उभ्या केलेल्यांशी नव्हे, आणि शक्य झाल्यास एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी त्या घरात डोकावून यावे.

तिसरी पायरी: बिड हातात आल्यावर

बिड, म्हणजे सदस्यत्वाचे हे निमंत्रण, स्वीकारले म्हणजे तुम्ही लगेच सदस्य होत नाही, नवसदस्य होता. जुन्या बोलीत याला प्लेज म्हणत. स्वीकारण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात, आणि पैशांविषयीची उत्तरे लेखी मागावीत. एका सत्राचे शुल्क किती, पहिल्या सत्रात नोंदणी, बिल्ला, विमा यांचे वेगळे किती, दंड कशाकशाचा होतो आणि हप्ते पाडून मिळतात का? शुल्क काही शे डॉलरपासून हजाराच्या पुढेही जाते, आणि घरात राहणे-जेवणे धरले तर हिशेब कित्येक हजारांत जातो. रुपयांत कमावणाऱ्या घराला हा आकडा आधी कळलाच पाहिजे. घरात राहणे सक्तीचे आहे का आणि करार किती महिन्यांचा आहे? नवसदस्यत्वाचा काळ किती आठवड्यांचा, आठवड्यातून किती तास आणि रात्री किती वाजेपर्यंत? शाकाहारी असाल तर तेथील स्वयंपाकघरात तुमचे काय होईल, हेही बिनदिक्कत विचारावे.

त्या फोननंतर आम्ही हीच यादी कागदावर उतरवली आणि भाचा दुसऱ्या दिवशी दुपारी ती घेऊन गेला. शुल्काचा आकडा त्याला कळला, पण नवसदस्यांचे आठवडे कसे जातात, या प्रश्नावर "ते आत आल्यावर कळेल" एवढेच उत्तर मिळाले. त्याने ते कार्ड परत दिले. त्या रात्री तो फोनवर फारसे बोलला नाही, आणि मलाही वाईट वाटले. जानेवारीत तो दुसऱ्या, लहानशा चॅप्टरकडे गेला. तेथील खजिनदाराने लॅपटॉप उघडून वर्षाचे अंदाजपत्रक दाखवले आणि नवसदस्यांच्या आठ आठवड्यांचे छापील वेळापत्रक हातात दिले. आज तो तेथेच आहे.

मुलींनी एक जादा गोष्ट ध्यानात घ्यावी. मोठ्या सोरॉरिटींच्या औपचारिक रिक्रूटमेंटच्या शेवटी पसंतिक्रमाच्या करारावर सही घेतली जाते. त्यानंतर आलेली बिड नाकारली, तर त्या कॉलेजातील त्या गटाच्या दुसऱ्या सोरॉरिटीत साधारण एक वर्ष जाता येत नाही. म्हणून जेथे खरोखर जायचे आहे, तेवढीच नावे लिहावीत.

चौथी पायरी: नवसदस्यत्वाचे आठवडे

या काळात संघटनेचा इतिहास, नियम आणि सदस्यांची ओळख करून दिली जाते, आणि वरच्या वर्षाचा एक 'बिग ब्रदर' पाठीशी दिला जातो. चांगल्या चॅप्टरमध्ये हे दिवस फार आनंदाचे असतात. वाईट चॅप्टरमध्ये याच दिवसांत हेझिंग होते, म्हणजे आपल्याकडे ज्याला रॅगिंग म्हणतात आणि ज्यासाठी महाराष्ट्रात १९९९ मध्ये प्रतिबंधक कायदा करावा लागला, तोच प्रकार. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातील एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याला बिड स्वीकारण्याच्या रात्री भरमसाट दारू पाजण्यात आली. तो जिन्यावरून पडला, आणि घरात इतकी मुले असूनही मदत बोलावण्यास जवळपास बारा तास उशीर झाला. तो वाचला नाही. त्याच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून पेनसिल्व्हेनियात २०१८ मध्ये कडक कायदा झाला. त्याच वर्षी अनेक फ्रॅटर्निटींच्या शिखर परिषदेने चॅप्टरच्या घरांत तीव्र मद्यावर बंदी घालण्याचे ठरवले.

म्हणून सांगतो, आणि हे मी कळकळीने सांगतो: दारू पिण्याची सक्ती, झोपू न देणे, मार, अपमान, फोन काढून घेणे, गुपिताची शपथ घालून आईवडिलांपासून काही लपवायला लावणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी निघून यावे. सदस्यत्वाचा विधी होण्यापूर्वी नवसदस्य केव्हाही बाहेर पडू शकतो. कोणी बेशुद्ध असेल तर कोणाचीही परवानगी न घेता ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. दारूमुळे जीव धोक्यात आलेल्यासाठी मदत बोलावणाऱ्याला बहुतेक राज्यांच्या कायद्यात संरक्षण आहे.

व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला आणखी जपावे लागते. अमेरिकेत २१ वर्षांखालच्यांना मद्य विकत मिळत नाही, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरील पदवीपूर्व विद्यार्थ्याला सत्राला साधारणपणे किमान १२ क्रेडिट पूर्ण करावी लागतात. जागरणांमुळे एखादा विषय सोडावा लागला, तर प्रश्न गुणांपुरता राहत नाही.

सदस्यत्वातून काय मिळते

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माणसे मिळतात. चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात तापाने पडल्यावर दाराशी सूप ठेवणारा कोणी असणे, सुट्टीत वसतिगृह बंद झाल्यावर कोणाच्या तरी घरी जेवायला जाता येणे, याची किंमत घरापासून दूर राहिलेल्यालाच कळते. दुसरे म्हणजे कारभाराचा अनुभव. विसाव्या वर्षी शंभर जणांचे अंदाजपत्रक सांभाळणे, थकलेले शुल्क वसूल करणे, भांडणे मिटवणे, हे वर्गात शिकवले जात नाही. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार झालेल्या मुलाला ते कळते. सेवाकार्याचीही संधी मिळते. पाय कॅपा फाय या फ्रॅटर्निटीने अपंग व्यक्तींसाठी १९७७ मध्ये स्वतःची संस्था काढली, आणि तिच्या निधीसाठी सदस्य दर उन्हाळ्यात सायकलवरून अमेरिका ओलांडतात.

नोकरीच्या दृष्टीने माजी सदस्यांचे जाळे उपयोगी पडते, पण ते आपोआप चालत नाही. ओळख काढून पत्र लिहावे लागते. ईशान्य अमेरिकेतील एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांवर केलेल्या अर्थशास्त्रीय अभ्यासात असे आढळले की, फ्रॅटर्निटीमुळे गुणश्रेणी चारपैकी सुमारे ०.२५ ने घटते, पण पुढील उत्पन्न सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. एकाच कॉलेजचा हा निष्कर्ष सर्वत्र लागू करू नये. तरीही गुण घटतात हा भाग पालकांनी आणि मुलांनी गांभीर्याने घ्यावा, आणि पहिल्या सत्राचे गुण हातात आल्यावरच सदस्य व्हावे, असे मी सुचवीन.

शेवटची पायरी: इनिशिएशन आणि पुढे

नवसदस्यत्वाचे आठवडे पूर्ण झाले की इनिशिएशनचा, म्हणजे पूर्ण सदस्य करून घेण्याचा विधी होतो. तो गुप्त असतो, पण तारीख आणि वेळ गुप्त नसते. ती घरी कळवून ठेवावी. त्यानंतर राष्ट्रीय संघटनेत तुमच्या नावाची नोंद होते आणि सदस्यत्व आयुष्यभरासाठी असते. पदवीनंतर सत्राचे शुल्क थांबते. ज्या शहरात नोकरी लागेल तेथील माजी सदस्यांच्या शाखेला पहिल्याच महिन्यात आपला पत्ता कळवावा, कारण नव्या शहरातले पहिले घर शोधताना बहुधा त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी सोफ्यावर आठवडा काढावा लागतो.