कोल्हापूर ते गोवा, बेळगावमार्गे : तंबू आणि कॅराव्हॅनसाठी मुक्कामाची जागा कशी शोधावी

पुण्या-कोल्हापूरकडून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने येणाऱ्या प्रवाशाला कोगनोळीचा टोलनाका लागला की तो कर्नाटकात शिरतो, आणि तेथून निपाणी, संकेश्वर, हत्तरगी करीत बेळगाव गाठेपर्यंत हॉटेल, धाबा आणि पेट्रोल पंप यांची कोठेही ददात नसते. अडचण होते ती स्वतःचा तंबू घेऊन किंवा आत झोपण्याची सोय असलेली गाडी घेऊन निघालेल्यांची. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, तरी वीज-पाण्याची जोडणी असलेल्या आखीव जागेत गाडी लावावी आणि सकाळी भाडे देऊन निघावे ही पद्धत सीमाभागात अजून रुळलेली नाही. त्यामुळे येथे जागा ‘शोधणे’ म्हणजे दुसऱ्याच कामासाठी असलेली जागा, तिच्या मालकाच्या संमतीने, एका रात्रीपुरती आपली करून घेणे होय. हे काम घरून निघण्यापूर्वीच बरेचसे उरकता येते.

आरंभ नकाशापासून नव्हे, घड्याळापासून करावा. डिसेंबरात बेळगावकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि पश्चिमेकडच्या रानात त्याआधीच अंधारून येते. मुक्कामाच्या जागी उजेडात पोहोचणे ही पहिली अट मानली, तर दुपारी साडेचारला आपण कोठे असू याचा हिशेब करून त्याच्या आसपासच जागा पाहावी. बेळगावच्या पुढे वाटा फुटतात. किणये, जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्यातील साखळीकडे जाणारी वाट जवळची, पण अरुंद आणि वळणांची आहे. खानापूर, लोंढ्यावरून अनमोड घाटाने गोव्यातील मोले गावाला उतरणारी वाट जंगलातून जाते. शिनोळी, चंदगडच्या बाजूने आंबोलीला जाणारी वाट पुन्हा महाराष्ट्रात शिरते आणि सावंतवाडीला उतरते. उंच, लांब गाडी असेल तर चोर्ल्याचा मोह टाळावा असे माझे मत आहे; निदान तो रस्ता दिवसाढवळ्याच घ्यावा आणि अवजड वाहनांना त्या वेळी बंदी आहे का, याची आधी चौकशी करावी. म्हणजे कोल्हापूरहून सकाळी निघालेल्या माणसाचा मुक्काम घाट उतरण्यापूर्वी, खानापूर किंवा जांबोटीच्या टापूत पडतो, आणि जागेचा शोधही तेवढ्या पट्ट्यापुरता राहतो.

आता नकाशा उघडावा. गूगल मॅप्सवर मार्ग सुरू ठेवून त्याच पडद्यावर शोध घेतला की वाटेवरची ठिकाणे तेवढी पुढे येतात आणि उलटे जावे लागत नाही. ‘कॅम्पिंग’ हा एकच शब्द टाकून थांबू नये. ‘फार्म स्टे’, ‘होम स्टे’, ‘नेचर कॅम्प’, ‘रिसॉर्ट’, ‘यात्री निवास’ हेही टाकून पाहावे, कारण ज्याच्याकडे अंगण आहे त्याने स्वतःला कॅम्पसाइट म्हणवून घेतलेले असेलच असे नाही. अभिप्राय वाचताना ताऱ्यांची सरासरी पाहू नये, अभिप्राय ताज्या क्रमाने लावावेत. वर्षभरात कोणीच काही लिहिले नसेल तर ती जागा बंद पडली असण्याचा संभव धरावा. पाहुण्यांनी टाकलेली छायाचित्रे मालकाने टाकलेल्या छायाचित्रांपेक्षा अधिक बोलकी असतात. त्यांत फाटकाची रुंदी, आतला रस्ता आणि वरून गेलेल्या विजेच्या तारा दिसतात. आय-ओव्हरलँडर या अॅपवर जगभरचे गाडीप्रवासी आपल्या रात्रीच्या जागा नोंदवतात. भारतातल्या नोंदी विरळ असल्या, तरी जी सापडते ती बहुधा गाडी उभी राहते का, पाणी आहे का अशाच कामाच्या तपशिलाची असते. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेला एखादा ऑफलाइन नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, कारण कणकुंबी, हेम्माडगा आणि अनमोडच्या बाजूला फोनची रेंज जाते-येते आणि नेमकी फाट्यावर जाते.

उपग्रहाच्या चित्राबाबत एक सावधगिरी हवी. राकसकोप किंवा हिडकल धरणाच्या काठी चित्रात सपाट, मोकळी, गाडी थेट पाण्यापर्यंत नेता येईल अशी जमीन दिसते आणि माणूस हरखून जातो. ते चित्र उन्हाळ्यातले असेल तर तीच जमीन पावसाळ्यानंतर पाण्याखाली असते, आणि पाणी ओसरल्यावर वर सुकलेली पण खाली लिबलिबीत अशी गाळाची साय उरते, जी माणसाचा भार पेलते, गाडीचा पेलत नाही. शिवाय राकसकोपचे पाणी बेळगाव शहर पिते. तेथे तंबू टाकून भांडी धुणे कोणालाच खपणार नाही, आणि खपू नये. धरणाच्या आसपासची जमीन सरकारी असते, म्हणून परवानगीवाचून तेथे मुक्काम धरू नये.

जंगलाचा नियम याहून कडक आहे. खानापूर तालुक्यातील भीमगडचे रान २०११ मध्ये अभयारण्य घोषित झाले, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेशच करता येत नाही, मग तंबू ठोकणे दूरच. राखीव वनातही मनाला येईल तेथे चूल पेटवता येत नाही. ज्याला रानातच राहायचे आहे त्याने हेम्माडग्याला असलेल्या वन विभागाच्या निसर्ग शिबिरासारखी अधिकृत जागा आधी आरक्षित करावी. तेथे राहण्याची सोय शिबिराची असते, आपला तंबू किंवा गाडी चालेल का हे निराळे विचारावे लागते. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर वनखात्याचे नाके असतात आणि रात्री वाहतूक अडवली जाऊ शकते, म्हणून नाक्याच्या वेळाही त्याच फोनवर विचाराव्यात. आंबोलीची वाट धरणाऱ्यांना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवासाचा पर्याय आहे.

सरकारी विश्रामगृहांचा विचार फारसा कोणी करीत नाही. इकडे सगळे त्याला ‘आयबी’ म्हणतात. जुन्या आयबीला बहुधा मोठे आवार, झाडांची सावली आणि फाटक असते. खोलीचे रीतसर आरक्षण करून गाडी आवारात लावली आणि निम्म्यांनी खोलीत, निम्म्यांनी गाडीत झोपायचे ठरवले, तर न्हाणीघर, पाणी आणि सुरक्षितता तिन्ही एकदम मिळतात. मंत्र्यांचा दौरा आला की आरक्षण रद्द होते, हे मात्र गृहीत धरावे.

देवस्थानाचे आवार ही आपल्याकडची तळ ठोकण्याची खरी जुनी जागा आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला, तसेच रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्काच्या माघी यात्रेत कोल्हापूर-सांगलीकडचे भाविक पिढ्यान्‌पिढ्या गाड्या सोडून, उघड्यावर चुली मांडून राहत आले आहेत. यात्रेच्या दिवसांत हौशी प्रवाशाने तेथे जाऊन गर्दीत भर घालू नये, परंतु एरवी अशा क्षेत्रांच्या परिसरात गाडी लावायला मोकळी जागा, नळ आणि भक्तनिवास मिळण्याचा संभव अधिक असतो. देवस्थान समितीच्या कार्यालयात आधी जाऊन सांगावे, पावती फाडावी, आणि आवारात मांस-मद्य आणू नये.

सगळ्यांत उपयोगी पडतात ते शेतातले होम स्टे आणि छोटे रिसॉर्ट, आणि तेथे खरा निर्णय फोनवर होतो. ‘जागा आहे का?’ असे विचारले की उत्तर नेहमी ‘आहे की, या’ असेच येते, कारण समोरच्याला आपण खोली मागत आहोत असे वाटते. त्याऐवजी गाडीची लांबी, उंची आणि माणसांची संख्या आधी सांगावी आणि मग एकेक विचारावे : डांबरी रस्त्यावरून आत किती अंतर आहे, वाटेत रेल्वेखालचा बोगदा किंवा उंचीची आडवी दांडी आहे का, आत गाडी वळवता येते की उलटी काढावी लागते, रात्री फाटकाला कुलूप असते का आणि किल्ली कोणाकडे असते, संडास रात्रभर उघडा असतो का. पुणे-बेळगाव लोहमार्ग खानापूर-लोंढ्यावरून पुढे जातो, त्यामुळे रेल्वेखालच्या बोगद्याचा प्रश्न या टापूत कधीही वगळू नये. पैशाचे बोलणेही तेव्हाच उरकावे. गाडी लावण्याचे किती, जेवणाचे किती, विजेचे निराळे का. मग जागेचे लोकेशन आणि फाटकाचा एक फोटो व्हॉट्सअॅपवर मागावा. फोटो पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नये.

ऐनवेळी ठरलेली जागा हुकली, तर गावात शिरून विचारण्यात कमीपणा नाही. चहाच्या टपरीवर किंवा ग्रामपंचायतीपाशी गाडी थांबवावी, एकट्यानेच उतरावे आणि वडीलधाऱ्या माणसाला ‘मामा, आजची रात्र गाडी कुठं लावली तर चालेल ओ?’ असे सरळ विचारावे. खानापूर, बेळगाव, निपाणी या भागांत मराठीत उत्तर मिळते. पूर्वेकडे गोकाक, सौंदत्तीच्या बाजूला कन्नडची दोन वाक्ये पाठ असलेली बरी. शेतकरी जागा दाखवतो तेव्हा तो जे सांगतो ते नीट ऐकावे. ‘लावा की ओ, पण बांधाकडं नको, रातीला पाणी सोडतोय,’ असे उत्तर आले तर ते अक्षरशः घ्यावे, कारण पंपाची वीज बहुधा रात्री येते, पाट फुटतो, आणि सकाळी चाके चिखलात रुतलेली असतात. निपाणी, चिकोडी, अथणीकडची काळी माती कोरडी असताना दगडासारखी लागते आणि एका अवकाळी सरीत लोण्यासारखी होते; तेथे मुरूम टाकलेल्या जागेवरच, तोंड रस्त्याकडे करून गाडी लावावी. खानापूर-जांबोटीची तांबडी, जांभ्याची जमीन पाणी लवकर सोडते, पण तंबूच्या खुंट्या तिच्यात शिरत नाहीत. त्यासाठी लोखंडी खुंट्या आणि जड हातोडी जवळ ठेवावी, अथवा दोऱ्या दगडांना बांधाव्यात.

कॅराव्हॅनवाल्यांसाठी विजेचे थोडे अधिक. छोट्या ठिकाणी भिंतीवरचा साधा पाच अँपिअरचा प्लग दाखवला जातो. त्यावर दिवे, पंखा आणि मोबाइल चालतील, वातानुकूलन यंत्र चालणार नाही. सोळा अँपिअरचा प्लग आणि त्याला नीट अर्थिंग आहे का हे विचारावे, स्वतःची जाड वायर आणि अर्थिंग तपासण्याचा छोटा टेस्टर बाळगावा. पाण्याची टाकी मिळेल तेथे भरून घ्यावी, उद्या मिळेल या भरवशावर राहू नये. गाडीतील शौचपात्र नाल्यात, पाटात किंवा शेताच्या कडेला रिकामे करणे हा गावकऱ्यांचा दरवाजा कायमचा बंद करण्याचा हमखास मार्ग आहे. मुक्कामाच्या मालकाला विचारून ते त्याच्या संडासात रिकामे करावे, आणि त्यात तीव्र रसायन असेल तर तेही सांगावे, कारण खालचा शोषखड्डा त्याने बिघडतो. पाच किलोची छोटी गॅस टाकी ठराविक पेट्रोल पंपांवरही मिळते. झोपण्यापूर्वी तिची चावी बंद करावी आणि गाडीत शेगडी पेटवून ऊब घेण्याचा विचारही करू नये.

काहीच जमले नाही तर महामार्गावरचा मोठा, रात्रभर चालू असलेला पेट्रोल पंप हा शेवटचा आधार. पंपाच्या व्यवस्थापकाला विचारून, आधी डिझेल भरून, कॅमेऱ्याच्या टप्प्यात गाडी लावावी. तंबू मात्र तेथे लावू नये. रस्त्याच्या कडेला तर कधीच थांबू नये. उसाचा हंगाम सुरू झाला की निपाणी, संकेश्वर, चिकोडीच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे जात असतात, त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो. महामार्गावर गाडी बंद पडल्यास १०३३ आणि इतर संकटात ११२ हे क्रमांक चालतात.

तारीख ठरवतानाही काही गोष्टी पाहाव्यात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा बेळगावातील हॉटेले आणि विश्रामगृहे भरून जातात आणि महामार्गावर मोर्चांचा बंदोबस्त असतो. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन, त्यामुळे शहरातून गाडी काढणे अवघड जाते. त्या दिवशी बाहेरच्या बाहेर जावे. जून ते सप्टेंबर या काळात कणकुंबी आणि आंबोलीचा पाऊस तंबूला दाद देत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा, पण त्याच कोरड्या दिवसांत गोचिडांपासून होणाऱ्या माकडतापाचा धोका असतो. दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी भागात या तापाचे रुग्ण आढळलेले आहेत, आणि हे सगळे रान एकमेकांना लागूनच आहे. सुक्या पाचोळ्यावर बसू-झोपू नये, पाय झाकून ठेवावेत, रात्री अंग तपासावे, आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे. खानापुरात अस्वले व गवे आणि चंदगड-तिलारीकडे हत्ती फिरतात. म्हणून अन्न तंबूत ठेवू नये, आणि केळीच्या किंवा उसाच्या मळ्याला लागून मुक्काम करू नये, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

गोव्यात उतरण्यापूर्वी एक काम या बाजूलाच उरकून घ्यावे. गोव्याने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास बंदी केली असून त्या वेळी एकट्या माणसाला २,००० आणि गटाला १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद ठेवली होती. तेव्हा मुक्कामाच्या जागी सकाळीच भात-भाजी करून डब्यात भरावी, शेगडी थंड झाल्यावर बांधून ठेवावी, आणि मग घाट उतरावा.