रुग्णालयातील मुलांचे शिक्षण : दोन शिक्षकांनी मिळून ते कसे चालवावे

मूल रुग्णालयात दाखल झाले की शाळेतील शिक्षक बहुधा दोहोंपैकी एक करतात. एक तर ‘आधी बरे होऊ दे’ म्हणून काहीच पाठवत नाहीत, नाही तर वर्गात झालेले सगळेच्या सगळे पाठवून देतात. पहिल्यात मुलाची शाळा तुटते आणि दुसऱ्यात वह्या-पुस्तकांचा ढीग उशाशी पडून राहतो, जो पाहून मुलाला रोज आपण किती मागे पडलो एवढेच कळते. हे टाळायचे असेल तर वर्गशिक्षक आणि रुग्णालयातील शिक्षक या दोघांनी एकत्र बसून ठरवावे लागते, कारण अभ्यासक्रमातील काय वगळले तरी चालेल हे वर्गशिक्षकच सांगू शकतात आणि आज मुलाला किती झेपेल हे रुग्णालयातील शिक्षकांनाच दिसते. यांपैकी एकाने ठरवलेला अभ्यास सहसा फसतो.

याला आधार केवळ सद्भावनेचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतील अठ्ठाविसाव्या कलमाने शिक्षणाचा हक्क मान्य केला आहे आणि आजारी मुलाचा त्यात अपवाद केलेला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, 1988 मध्ये, नेदरलँड्समधील लायडन येथे रुग्णालयातील मुलांसाठी जी सनद तयार झाली, तिच्यात वय आणि प्रकृती यांना साजेसे खेळ आणि शिक्षण मिळावे असे म्हटले आहे. पुढे युरोपातील रुग्णालय-शिक्षकांच्या संघटनेने 2000 मध्ये बार्सिलोना येथे आपली स्वतंत्र शैक्षणिक सनद स्वीकारली. ‘बरा झाला की बघू’ असे उत्तर शाळेकडून आले, तर या गोष्टी शांतपणे दाखवून द्याव्यात. आजारी मुलाला शिकवणे हा कोणी केलेला उपकार नव्हे.

सुरुवात : संमती आणि एकच दुवा

दोन-चार दिवसांच्या मुक्कामासाठी फारसे काही करावे लागत नाही. वर्गाकडून निरोप आणि वाचायला एखादे पुस्तक पुरते. मुक्काम लांबणार किंवा पुन्हा पुन्हा होणार असे दिसताच मात्र पहिल्याच आठवड्यात पालकांची लेखी संमती घ्यावी. शाळेला काय सांगायचे आणि काय नाही, हे त्या संमतीत स्पष्ट असावे. आजाराचे नाव शाळेला कळलेच पाहिजे असे नाही. मूल किती वेळ बसू शकते, कोणत्या हाताने लिहू शकते, संसर्गाचा धोका आहे का, कोणत्या दिवशी उपचारांमुळे अभ्यास होणारच नाही, एवढे कळले तरी वर्गशिक्षकांचे काम भागते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्यालाही विचारावे, कारण माहिती त्याची आहे.

त्यानंतर दोन्ही बाजूंनी एकेक व्यक्ती ठरवावी. शाळेकडून हे काम वर्गशिक्षकांनी करावे आणि विषयशिक्षकांनी आपले म्हणणे त्यांच्यामार्फतच कळवावे. सहा शिक्षकांचे सहा निरोप पालकांच्या मोबाइलवर येत राहिले, तर आधीच तपासण्या आणि औषधे यांत गुंतलेल्या पालकांना टपाल पोहोचवण्याचेही काम लागते. ज्या रुग्णालयात शिक्षकच नाही, तिथे समाजसेवा विभागातील कर्मचारी, प्रशिक्षित स्वयंसेवक किंवा पालक यांपैकी कोणाशी बोलायचे हे शाळेने विचारून घ्यावे. बाकीची पद्धत तीच राहते.

आठवड्याची चिठ्ठी

या सगळ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दोन्हीकडून जाणारी एक छोटी चिठ्ठी. ती एका पानाहून मोठी असू नये. वर्गशिक्षकांनी तिच्यात पुढील आठवड्यात वर्गात काय होणार, त्यातील कोणती एक-दोन गोष्टी आल्याशिवाय पुढचा घटक समजणार नाही आणि कोणता भाग खुशाल सोडून द्यावा, हे लिहावे. तिसरी गोष्ट लिहायला शिक्षक कचरतात, असे मला वाटते. परंतु तिच्याशिवाय चिठ्ठीचा उपयोग निम्म्याने कमी होतो. रुग्णालयातील शिक्षकांनी उत्तरात काय झाले, मूल कुठे अडले आणि ते कसे सोडवून पाहिले, हे लिहावे. ‘प्रगती समाधानकारक’ या शेऱ्यातून वर्गशिक्षकांच्या हाती काहीच लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. पाचवीतील एका मुलीसाठी वर्गशिक्षकांनी अपूर्णांकांच्या बेरजेची तीस गणिते पाठवली आणि सोबत लिहिले की भिन्न छेदांची बेरीज जमली तर बाकीची सोडली तरी चालतील. मुलीच्या उजव्या हाताला सलाईन लागलेले असल्याने ती तोंडी सांगते आणि शिक्षिका लिहितात. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश हे गणित येताच ती दोन पंचमांश असे उत्तर देते, म्हणजे अंशांबरोबर छेदांचीही बेरीज करते. शिक्षिका नियम सांगत नाहीत. कागदाच्या पट्टीची घडी घालून अर्धा भाग दाखवतात आणि विचारतात, ‘अर्ध्यात आणखी भर घातली, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसे आले?’ मुलगी पट्टीकडे बघत राहते आणि मग सहा भाग करून द्या म्हणते. त्या दिवशी तीसपैकी तीनच गणिते होतात. चिठ्ठीत मात्र चूक, पट्टी आणि मुलीचे वाक्य, तिन्ही जातात. वर्गातही बऱ्याच मुलांकडून हीच चूक होत असते, त्यामुळे वर्गशिक्षक दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न फळ्यावर मांडू शकतात आणि तो कोणाच्या धड्यातून आला हे मुलीच्या संमतीने वर्गाला सांगू शकतात.

खाटेशेजारचा धडा

धड्याची वेळ परिचारिकेला विचारूनच ठरवावी. डॉक्टरांची फेरी, ड्रेसिंग आणि तपासणीसाठी नेण्याच्या वेळा सोडून जो वेळ उरतो, तो रोज तोच ठेवता आला तर उत्तम, कारण वॉर्डात मुलाला आधी ठाऊक असणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे पुष्कळ झाली. सलाईनची सुई शक्यतो न लिहित्या हाताला टोचावी अशी विनंती आधीच करून ठेवावी. नेहमी जमेलच असे नाही, परंतु कोणी सांगितलेच नाही म्हणून लिहिता हात अडकून पडू नये. विलगीकरण कक्षात जाताना हात धुण्यापासून मास्कपर्यंतचे नियम परिचारिका सांगतील तसेच पाळावेत, पुसून निर्जंतुक करता येईल असे साहित्य न्यावे आणि आत गेलेली वही दुसऱ्या मुलाकडे नेऊ नये.

औषधांचे परिणाम शिक्षकांना ठाऊक असलेच पाहिजेत, नाही तर ते आळस किंवा हट्ट समजले जातात. रक्ताच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या व्हिन्क्रिस्टीन या औषधाने बोटांत मुंग्या येऊन पकड सैल होऊ शकते आणि चांगले अक्षर अचानक बिघडते. स्टेरॉइडमुळे झोप उडते, भूक वाढते, लहानशा कारणावरून रडू फुटते. अशा आठवड्यात लेखन बाजूला ठेवून वाचून दाखवणे, तोंडी गणित, नकाशा, चर्चा यांवर भर द्यावा आणि चिठ्ठीत तसे कारणासह कळवावे.

मूल नको म्हणाले तर? सुई, औषध, तपासणी यांपैकी कशालाही नकार देण्याची सोय त्याला नसते. धड्याला मात्र ते नाही म्हणू शकते आणि तो नकार मानावा. मात्र ‘बरे, उद्या याच वेळी येते’ असे सांगून खरोखरच दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जावे. बरे होण्याची आशा नसलेल्या मुलांच्या बाबतीत शिकवावे की नाही, असा प्रश्न शिक्षकांना पडतो. मुलाला हवे असेल तर जरूर शिकवावे. फक्त विषय त्याने निवडावा आणि परीक्षेचा विचार तिथे आणू नये.

डायलिसिसवरील मुलांची अडचण वेगळीच असते आणि ती सहज नजरेतून सुटते. आठवड्यातून साधारण तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास त्यांना यंत्राशी जोडून राहावे लागते. वार ठरलेले असल्याने शाळेतील तेच तास दर आठवड्याला बुडतात. एखाद्या मुलाचे विज्ञान वर्षभर कच्चे राहिले, तर आधी वेळापत्रक तपासावे. मुख्याध्यापकांनी एखाद-दुसरा तास दुसऱ्या वाराला हलवला, तर बरेच काम होते. फिस्टुलाचा हात, म्हणजे ज्या हातातील रक्तवाहिन्या जोडून यंत्राच्या सुया टोचण्याची जागा केलेली असते तो हात, डायलिसिस चालू असताना हलवता येत नाही, म्हणून त्या वेळेसाठी वाचन आणि ऐकण्याचा अभ्यास राखून ठेवावा.

वर्गातील जागा

हजेरीच्या वेळी नाव घेत राहावे, बाक रिकामा असला तरी तो दुसऱ्याला कायमचा देऊ नये, गटकामात नाव असावे. व्हिडिओ कॉल करायचा तर आधी मुलाला विचारावे; केस गळालेले किंवा चेहरा सुजलेला असताना चाळीस जणांसमोर येण्याची तयारी प्रत्येकाची नसते. कॅमेरा बंद ठेवून नुसते ऐकण्याची मुभा द्यावी. संपूर्ण वर्गाने हात हलवण्यापेक्षा तीन-चार मित्रांबरोबर दहा मिनिटे एखादा प्रकल्प करणे कितीतरी बरे. आजाराबद्दल वर्गाला काय सांगायचे तेही मूल आणि पालक यांनीच ठरवावे, आणि कर्करोगासारखा आजार असेल तर तो संसर्गाने पसरत नाही, हे लहान वर्गांत मुद्दाम सांगावे.

एक जबाबदारी केवळ शाळेची आहे. प्रतिकारशक्ती कमी झालेले मूल उपचारांच्या मध्ये शाळेत येत असेल आणि वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर पालकांना त्याच दिवशी फोन करावा, दुसऱ्या दिवसावर टाकू नये. अशा वेळी दिली जाणारी, रोगाशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांची इंजेक्शने ठरावीक मुदतीतच उपयोगी पडतात : गोवरासाठी संपर्कानंतर 6 दिवसांच्या आत, तर कांजिण्यांसाठी शक्य तितक्या लवकर आणि फार तर 10 दिवसांपर्यंत.

मूल्यमापनाचे आधीच ठरवून घ्यावे. रुग्णालयातील शिक्षकांच्या नोंदी शाळा ग्राह्य धरणार का, तोंडी परीक्षा, लेखनिक किंवा जादा वेळ मिळेल का, त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र कोणाकडे आणि केव्हा द्यायचे, हे प्रश्न परीक्षेच्या तोंडावर विचारले की उत्तर नियमांत अडकते.

परतताना

घरी सोडण्याची तारीख जवळ आली की पालक, दोन्ही शिक्षक आणि शक्य असल्यास परिचारिका यांनी अर्धा तास बसावे. सुरुवातीला किती तास यायचे, दमल्यावर कुठे पडायचे, जिने टाळता येतील का, खेळाच्या तासाला काय करायचे, स्वच्छतागृहात जाण्यासाठी दर वेळी परवानगी मागावी लागू नये याची व्यवस्था कोण करील, हे तिथे ठरवावे. मित्रांनी काही विचारले तर काय सांगायचे, याची मुलाबरोबर एकदा उजळणी करावी. पहिल्या दिवशी राहिलेला गृहपाठ मागू नये.

परतल्यावरही चिठ्ठी काही आठवडे चालू ठेवावी, कारण पुन्हा दाखल व्हावे लागले तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात, म्हणजे तेवढ्या काळात वर्गशिक्षक निदान एकदा तरी बदलतात. मेंदूला किरणोपचार दिलेल्या मुलांमध्ये विचारांचा वेग आणि एकाग्रता यांवरील परिणाम तर कधी कधी काही वर्षांनी दिसू लागतात, आणि तोवर त्या मुलाचा आजार शाळा विसरून गेलेली असते. म्हणून पालकांची संमती असेल तर सगळ्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये ठेवून ती वर्ष संपताना पुढच्या वर्गशिक्षकांच्या हाती, समोरासमोर बोलून द्यावी, आणि मूल जोपर्यंत शाळेत आहे तोपर्यंत दर वर्षी असेच करावे.