इंग्रजी आडनावाचा माग कसा काढावा : 'ॲक्रॉइड'च्या उदाहरणासह

इंग्लंडमधील एखाद्या आडनावाचा इतिहास शोधायचा असेल, तर त्याचा अर्थ सर्वांत शेवटी पाहावा. आडनावांच्या कोशात अर्थ लगेच मिळतो, परंतु तो आपल्या घराण्याला लागू पडतो की नाही, हे ते घराणे मुळात कोणत्या गावचे होते हे कळल्याशिवाय ठरवता येत नाही. म्हणून माहीत असलेल्या सर्वांत अलीकडच्या व्यक्तीपासून आरंभ करून, प्रत्येक पिढी कागदाने सिद्ध करत मागे जावे. येथे उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्याच्या पश्चिम भागातील, हॅलिफॅक्स परिसरात रुजलेले 'ॲक्रॉइड' हे आडनाव उदाहरणादाखल घेतले आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. जन्माच्या दाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव असते आणि विवाहाच्या दाखल्यावर वधू-वर दोघांच्याही वडिलांची नावे व व्यवसाय असतात, त्यामुळे हे दोन दाखले मिळाले की एक पिढी मागे सरकता येते. त्यांच्या जोडीला दर दहा वर्षांच्या जनगणनेच्या याद्या तपासाव्यात. १८४१ च्या यादीत पंधरा वर्षांवरील माणसांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली आहेत आणि जन्मस्थानाबाबत 'याच परगण्यात जन्म झाला की नाही' एवढेच नोंदले आहे. १८५१ पासून मात्र जन्माचे गाव व कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते मिळते. तेव्हा १८५१ ची यादी कधीही वगळू नये. १८८१ च्या जनगणनेवरून तयार केलेले आडनावांचे नकाशेही पाहावेत. ॲक्रॉइड मंडळी त्या वर्षीही मोठ्या प्रमाणावर यॉर्कशरच्या पश्चिम भागातच एकवटलेली दिसतात, आणि शोध कोठे केंद्रित करायचा याचे उत्तर तेथेच मिळते.

१८३७ च्या आधीचा मुख्य आधार म्हणजे चर्चच्या नोंदवह्या. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील परिसराला, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा आदेश दिला. अनेक ठिकाणच्या आरंभीच्या वह्या नष्ट झाल्या आहेत. हॅलिफॅक्सच्या वह्या मात्र १५३८ पासून उपलब्ध आहेत, हे या भागातील शोधकांचे भाग्यच म्हणावे लागेल. वही फाटलेली किंवा हरवलेली असल्यास, १५९८ पासून दरवर्षी बिशपकडे पाठवल्या जाणाऱ्या नकला शोधाव्यात. तारखा वाचताना विशेष जपावे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे वहीत 'फेब्रुवारी १६९०' असे लिहिले असेल तर आजच्या गणनेने ते १६९१ असते. हे ध्यानात न घेतल्यास, मार्चअखेरीस लग्न झालेल्या जोडप्याला त्याच वर्षाच्या जानेवारीत मूल झाल्याचे वाचून शोधक विनाकारण गोंधळतो.

हॅलिफॅक्सचे पॅरिश अतिशय विस्तृत होते आणि त्यातील डोंगराळ वस्त्यांसाठी हेप्टनस्टॉल व एलंड येथे वेगळी उपासनागृहे होती. तेथील वह्याही पाहाव्या लागतात. शिवाय या खोऱ्यात बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशा, इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळ्या पंथांचा प्रभाव मोठा होता. एखाद्या कुटुंबातील बाप्तिस्मे चर्चच्या वहीतून एकाएकी दिसेनासे झाले, तर कुटुंबाने गाव सोडले असे समजण्यापूर्वी, लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेल्या त्या पंथांच्या वह्या तपासाव्यात. लेखनभेदांचे भय बाळगू नये. ॲक्रॉइड, एक्रॉइड, ॲकेरॉइड ही सारी रूपे ऐकणाऱ्या कारकुनाच्या कानावर अवलंबून होती, आणि एकाच माणसाचे नाव दोन नोंदींत दोन प्रकारे आढळणे अगदी स्वाभाविक आहे.

याच टप्प्यावर अनेकांना प्रसिद्ध घराण्याशी नाते जोडण्याचा मोह होतो. एकोणिसाव्या शतकात हॅलिफॅक्समध्ये एडवर्ड ॲक्रॉइड हे लोकरी कापडाचे मोठे गिरणीमालक व खासदार होऊन गेले आणि त्यांनी कामगारांसाठी 'ॲक्रॉइडन' नावाची वसाहत उभारली. परंतु आडनाव तेच आणि गावही तेच एवढ्यावरून नाते सिद्ध होत नाही. त्याच परिसरातले साधे विणकर आणि शेतकरीही हेच आडनाव लावत होते. कुलचिन्ह विकणाऱ्यांपासूनही दूर राहावे, कारण इंग्लंडमध्ये कुलचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला मिळत नाही.

सोळाव्या शतकाच्या पलीकडे जायचे तर जहागिरीच्या न्यायालयाचे कागद आणि कराच्या याद्या हाती घ्याव्या लागतात. हे कागद बहुतेक लॅटिनमध्ये असल्याने निदान त्यांतील ठरावीक शब्द शिकून घ्यावेत. हॅलिफॅक्सचा बराच भाग वेकफील्डच्या जहागिरीत मोडत असे आणि तेथील न्यायालयाच्या गुंडाळ्या १२७४ पासून टिकून आहेत; जमिनीचे हस्तांतरण, दंड, कुंपणाचे तंटे यांतून माणसे गावासह नोंदलेली सापडतात. १३७९ ची डोईपट्टीची यादीही या भागासाठी चांगली टिकली आहे. सामान्य माणसाला चार पेन्स भरावे लागत आणि विवाहित जोडप्याची पट्टी एकत्र धरली जाई, म्हणून यादीत पत्नीची नोंद बहुधा नवऱ्यासोबतच येते.

आता अर्थाकडे वळावे. उत्तरेच्या बोलीत 'एक' म्हणजे ओक वृक्ष आणि 'रॉइड' म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जमीन. आपल्याकडच्या '-कर' प्रत्ययाच्या आडनावांप्रमाणे हेही वस्तीवरून आलेले आडनाव आहे, आणि हेप्टनस्टॉलजवळच्या वॉड्सवर्थमध्ये त्या नावाची जागा आहे. जुन्या नोंदीत नावापुढे 'चा, येथील' अशा अर्थाचे लॅटिन 'दे' असल्यास ते आडनाव जागेशी अजून जिवंतपणे जोडलेले असण्याची शक्यता असते. वडील, मुलगा, नातू अशा ओळीने तेच नाव टिकलेले दिसले, तरच ते वंशपरंपरागत झाले असे मानावे.

कागद संपले की पुरुषवंशातून चालत येणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी उपयोगी पडते. ऑक्सफर्डचे आनुवंशिकीतज्ज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० मध्ये आपल्याच यॉर्कशरी आडनावाच्या पुरुषांची तपासणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्या जणांत एकच नमुना आढळला.

घराण्यातील कोणी मुंबई इलाख्यात आले असल्यास, येथील चर्चमधून लंडनला पाठवलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नकला ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात पाहाव्यात. तो माणूस ब्रिटिश लष्करातून निवृत्तिवेतन घेऊन सुटलेला सैनिक असेल, तर क्यू येथील त्याच्या सेवामुक्तीच्या कागदावर बहुधा जन्माचे पॅरिश लिहिलेले असते, आणि तेथून पुन्हा त्या पॅरिशची वही उघडता येते.