मांडवी ओलांडताना स्कूटरवाल्यांसाठी

म्हापशाहून स्कूटरने मडगावला निघालात आणि मोबाइलचा नकाशा गाडीसाठी लावलेला असेल, तर तो पर्वरीनंतर थेट अटल सेतूवर, म्हणजे गोव्यातल्या मांडवी नदीवरच्या उंच पुलावर, चढवतो. तिथे दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. पाहुण्यांची फजिती हमखास इथेच होते, म्हणून नीट सांगते:

१. निघण्याआधीच नकाशात दुचाकीचं चिन्ह निवडा.
२. पर्वरीचा उतार लागला की पाट्या वाचा. पुढच्या मोटारीच्या मागे जाऊ नका.
३. खालच्या मांडवी पुलावरून कदंब बसस्थानकाकडे उतरा, तिथून मेरशी-बांबोळीमार्गे मडगाव.

चारचाकी असेल आणि पणजीत काम नसेल, तर मात्र सेतूच घ्या. शहरातली गर्दी टळते.

चुकून सेतूच्या चढावर आलातच, तर उलटं वळू नका. मागून गाड्या वेगात येतात.