आपल्या मनासारखं लाइव्ह लिनक्स, टर्मिनल जवळपास न उघडता

भाच्याच्या शाळेतल्या जुन्या संगणकांसाठी मला एक पेनड्राइव्ह हवा होता. तो लावून संगणक सुरू केला की मराठी कळफलक, देवनागरी फॉन्ट, लिब्रेऑफिस आणि मुलांसाठी जीकॉम्प्री हे सगळं तयार मिळावं आणि हार्ड डिस्कवरच्या विंडोजला धक्काही लागू नये, एवढीच अपेक्षा. तयार लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून किंवा सीडीवरून चालणारी लिनक्स, शेकड्यांनी मिळतात, पण प्रत्येकात काहीतरी कमी असतं आणि नको ते भरपूर असतं. मग आपलंच बनवायचं ठरवलं.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांचं नॉपिक्स 2000 साली आलं. 700 एमबीच्या सीडीवर दाबून बसवलेलं ते लिनक्स उघडलं की 2 जीबीच्या आसपास भरायचं. ते आपल्या सोयीनं बदलायचं तर फाइल सिस्टिम उलगडा, तिच्यात शिरून कमांड द्या, पुन्हा दाबून बांधा, बूट होण्याची सोय करा, अशी मोठी उस्तवार होती. मधल्या काळात सुसे स्टुडिओ आलं. ब्राउझरमध्ये टिचक्या मारून डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती, बनवण्याची ती सोय 2018 मध्ये बंद झाली. मला तिची अजून आठवण येते.

आज नवख्यानं हात घालावा असे दोन मार्ग आहेत. उबुंटू या डिस्ट्रोची तयार आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) उघडून तिच्यात फेरफार करायचे असतील तर क्युबिक आहे. दुसऱ्या मार्गात आधी एक संगणक मनासारखा सजवायचा आणि मग त्याचा फोटो काढावा तशी आयएसओ काढायची. हे काम एमएक्स लिनक्समधलं एमएक्स स्नॅपशॉट करतं. माझं मत दुसऱ्याला, कारण काय मिळणार आहे ते आधीच पडद्यावर दिसतं.

सुरुवात रोजच्या संगणकावर करू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) नवं मशीन बनवा: 4 जीबी रॅम, 30 जीबी डिस्क. त्यात एमएक्स लिनक्स इन्स्टॉल करा. एक्सएफसीई डेस्कटॉपची आवृत्ती घ्या, जुन्या संगणकांना तीच झेपते. रोजच्या संगणकाचा स्नॅपशॉट काढला तर वायफायचे पासवर्ड, ब्राउझरचा इतिहास, फोटो यातलं काहीतरी चुकून बाहेर जाण्याची भीती असते. कोऱ्या मशीनमध्ये जायला काही नसतंच.

आता सजावट. आधी सगळे अपडेट घ्या, मग सिनॅप्टिक (सॉफ्टवेअर घालण्या-काढण्याचं साधन) उघडून हवं ते निवडा. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स या दोन्हींची मराठी भाषा-पॅकेजं डेबियन या डिस्ट्रोच्या भांडारात आहेत, आणि एमएक्स डेबियनवरच उभं असल्यानं ती थेट मिळतात. लोहित देवनागरी किंवा नोटो फॉन्ट घाला. कळफलकाच्या सेटिंगमध्ये देवनागरी मांडणी जोडा आणि भाषा बदलायची कळ ठरवून टाका. नको ते याच वेळी काढून टाका.

यानंतरची पायरी मी पहिल्यांदा चुकलो होतो. आयएसओ झाली, पेनड्राइव्ह चालला, सॉफ्टवेअर सगळं होतं. पण कळफलकाची मांडणी, पॅनेल, वॉलपेपर यातलं काहीच आलं नव्हतं. कारण साधं आहे. दुसऱ्यांना द्यायची आयएसओ बनवताना तुमचं खातं वगळलं जातं आणि लाइव्ह सुरू होताना 'डेमो' नावाचं नवं खातं तयार होतं. नव्या खात्याला सेटिंग मिळतात ती ईटीसी (etc) फोल्डरातल्या 'स्केल' (skel) नावाच्या उपफोल्डरातून. म्हणून आपली सेटिंग आधी तिथं नेऊन ठेवावी लागतात.

होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेली फोल्डर दिसतात. त्यातल्या 'कॉन्फिग'मधलं 'एक्सएफसीई4' हे फोल्डर घ्या. फाइल मॅनेजर रूट म्हणून, म्हणजे पूर्ण अधिकारांनी, उघडा आणि ते 'स्केल'मध्येही 'कॉन्फिग'च्याच आत टाका. पूर्ण होम उचलून टाकायचा मोह होतो, तो आवरा. फायरफॉक्सचं प्रोफाइल तर अजिबात नको. वॉलपेपरचं चित्र होममध्ये असेल तर ते आधी यूएसआर, शेअर, बॅकग्राउंड्स या वाटेवर ठेवा, तिथूनच निवडा आणि मग ही कॉपी करा. नाहीतर नव्या खात्याला ते सापडणार नाही.

आता एमएक्स टूल्समधून स्नॅपशॉट उघडा. आयएसओ कुठं ठेवायची आणि तिचं नाव काय, हे तो विचारतो. मोकळी जागा किती आहे तेही दिसतं. ती भरपूर असू द्या. पुढच्या पडद्यावर दोन पर्याय येतात. 'प्रिझर्व्हिंग अकाउंट्स' म्हणजे तुमच्या खात्यासकट स्वतःसाठीचा बॅकअप. इतरांना द्यायचं असेल तर 'रीसेटिंग अकाउंट्स' निवडा. फाइल दाबून लहान करण्याच्या पद्धतींमध्ये झेडएसटीडी घ्या. एक्सझेडनं फाइल आणखी लहान होते, पण वेळ फार खातं आणि जुन्या प्रोसेसरवर उलगडायलाही जड जातं. मग बटण दाबा आणि चहा टाका.

तयार आयएसओ लगेच पेनड्राइव्हवर चढवू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्क नसलेलं दुसरं मशीन बनवून त्यात ती चालवून पाहा. 'डेमो' खात्याचा पासवर्डही डेमोच असतो. एक मराठी वाक्य टाइप करा, ब्राउझर उघडा, आवाज तपासा. सगळं जागेवर असेल तर एमएक्सच्याच लाइव्ह यूएसबी मेकरनं पेनड्राइव्ह बनवा. त्यातला सर्व सोयींचा प्रकार निवडला तर केलेले बदल पेनड्राइव्हवर साठवायची सोय मिळते. डीडी प्रकारात पेनड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता राहतो. शाळेसाठी मी मुद्दाम दुसरा घेतला. मुलांनी दिवसभर काहीही उचकटलं तरी बंद करून चालू केलं की पूर्ववत.

उबुंटूच हवं असेल तर क्युबिक. तिथं मूळ आयएसओ दाखवली की टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायची, एक खिडकी उघडते आणि तुम्ही थेट त्या आयएसओच्या आत असता. पॅकेजं घाला, काढा, पुढे चला. डेस्कटॉप मात्र समोर दिसत नाही, त्यामुळं थोडं अंदाजानं चालावं लागतं. आयएसओ आपल्यापुरती न ठेवता सगळ्यांना वाटणार असाल तर नाव आणि चिन्ह बदला, कारण उबुंटू हा ट्रेडमार्क आहे. पुनर्वाटपाची परवानगी नसलेलं सॉफ्टवेअरही त्यात नको.

मूळ व्हर्च्युअल मशीन काम झाल्यावर पुसू नका. चार-सहा महिन्यांनी ते चालू करायचं, अपडेट घ्यायचे, पुन्हा स्नॅपशॉट काढायचा आणि फाइलच्या नावात तारीख टाकायची. माझ्याकडे 'नवीन', 'नवीन2' आणि 'शेवटची' अशा तीन आयएसओ पडून आहेत. त्यातली शेवटची कोणती, ते प्रत्येक वेळी चालवून पाहावं लागतं.