चावीच्या कव्हरवर नाव किंवा जाहिरात छापताय? या चुका टाळा

जुडग्यात सात चाव्या, सगळ्या पितळी, सगळ्या सारख्या. घाईच्या वेळी दाराशी उभं राहून त्यातली नेमकी चावी शोधावी लागते, म्हणून चावीच्या डोक्यावर रंगीत प्लॅस्टिकचं कव्हर चढवायचं. या वस्तूचं मूळ काम एवढंच. पुढे त्यावर लेबल आलं, दुकानाचं नाव आलं आणि आता क्यूआर कोडही आलाय.

मी भोसरीत साच्यांचं आणि प्लॅस्टिकवरच्या छपाईचं काम करतो. दिवाळीच्या दोन महिने आधी अशा कव्हरांची चौकशी सुरू होते. येणारा प्रत्येकजण लोगो घेऊन येतो, चावी घेऊन क्वचितच कुणी येतं. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच असतं. कव्हरमुळे चावी अडायला लागली की माणूस ते दुसऱ्या दिवशी काढून कचऱ्यात टाकतो, मग त्यावर किती सुंदर छपाई होती हे कोण बघणार?

चावी न मोजता डाय (साचा) करणं

‘चावीचं डोकं ते काय, सगळं सारखंच’ असं समजून डाय करू नका. अलिगढचं साधं कुलूप, लॅचची चावी, कपाटाची चावी, दुचाकीची चावी, प्रत्येकीचं डोकं वेगळं. एकाच बनावटीच्या कुलपांतही डुप्लिकेट चावीचं डोकं मूळ चावीपेक्षा वेगळं निघतं, कारण चावीवाला हाताशी असलेल्या कोऱ्या चावीवरच कानस चालवतो. ज्या कुलपांसाठी कव्हर करायचं त्यांच्या निदान वीस चाव्या गोळा करा. व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) डोक्याची रुंदी, उंची, जाडी आणि रिंगच्या भोकाची जागा मोजा. डिझाइन सरासरीवर करू नका, सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत लहान माप समोर ठेवा.

मऊ प्लॅस्टिक एखादा मिलिमीटर सांभाळून घेतं, कडक प्लॅस्टिक घेत नाही. त्यातही एक फसवी गोष्ट आहे. साच्यातून निघाल्यावर प्लॅस्टिक आकसतं आणि प्रत्येक प्लॅस्टिक वेगवेगळं आकसतं. एबीएस (एक कडक प्लॅस्टिक) साधारण ०.४ ते ०.७ टक्के, तर पीपी (पॉलिप्रॉपिलीन) १ ते २.५ टक्के. डाय एबीएससाठी कापली आणि नंतर स्वस्त पडतं म्हणून तीत पीपीचे दाणे ओतले, तर कव्हरच्या आत चावीचं डोकं बसायच्या २५ मिमीच्या पोकळीत जवळपास ०.४ मिमी कमी भरतात. मग कव्हर हातोडीने बसवायची वेळ येते आणि महिन्याभरात कोपऱ्याला चीर जाते. दाणा, म्हणजे कच्चं प्लॅस्टिक, कोणता हे डाय कापायच्या आधी ठरवा आणि नंतर बदलू नका.

या प्रकारात माझ्या डोक्यात घर करून बसलेली चूक कव्हरच्या खालच्या कडेची आहे. एका गिऱ्हाइकाला लोगो मोठा हवा होता, म्हणून कव्हर चावीच्या खांद्यापर्यंत, म्हणजे डोकं संपून पातं सुरू होतं तिथपर्यंत, खाली आणलं. टेबलावर दिसायला ते छान होतं. पण त्यांच्या दारांचे सिलिंडर (कुलपाचा चावी घालायचा भाग) दारावरच्या पट्टीच्या किंचित आत बसवलेले होते. कव्हरची कड पट्टीला टेकायची आणि चावी पाऊण मिलिमीटर बाहेर राहायची. तेवढ्यानेही आतल्या पिना ओळीत येत नाहीत आणि कुलूप फिरत नाही. लोकांना वाटलं कुलूपच बिघडलं. दोघांनी तर कारागीर बोलावून लॅच उघडायला लावलं. ती माझीही चूक होती, कारण मी दारावर लावून बघितलं नव्हतं. तेव्हापासून नमुना प्रत्यक्ष दारात घालून फिरवल्याशिवाय मी डायला हात लावत नाही. खांद्याच्या वर निदान २ मिमी जागा मोकळी सोडा.

जाडीचंही तसंच. कव्हरची भिंत १.२ मिमी म्हणजे दोन्ही बाजू मिळून चावी २.४ मिमीने फुगते. सहा चाव्यांचं जुडगं जवळपास साडेचौदा मिमीने जाड होतं आणि पँटच्या खिशात टोचायला लागतं.

रिंगचं भोक गोल ठेवू नका, लांबट ठेवा. चावीचं भोक आणि कव्हरचं भोक जरा इकडेतिकडे झालं की रिंग तिरकी बसते आणि रोजच्या ओढाताणीत भोकाची कड फाटते. कव्हर तुटल्याची तक्रार आली की मी आधी भोक बघतो. बहुतेक वेळा तिथेच फाटलेलं असतं.

कोणतंही मऊ प्लॅस्टिक चालेल, हा समज

मऊ पीव्हीसी स्वस्त, रंगीत आणि हाताला छान लागतं. पण ते मऊ असतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे, ज्याला धंद्यात प्लॅस्टिसायझर म्हणतात. हे द्रव्य हळूहळू बाहेर येतं. पितळी चावीला त्याने काही होत नाही, पण चारचाकीच्या चावीचं डोकं बहुधा एबीएसचं असतं. त्याला मऊ पीव्हीसी महिनोन्महिने चिकटून राहिलं, वर गाडी उन्हात तापली, की एबीएस मऊ पडतं आणि चिकट होतं. कव्हर काढलं तर डोक्यावर बोटांचे ठसे उमटतात. गाडीच्या चावीसाठी सिलिकोन किंवा टीपीयू (रबरासारखं लवचीक प्लॅस्टिक) वापरा, दोन पैसे जास्त गेले तरी चालेल.

हेच द्रव्य छपाईच्या शाईतही शिरतं. तक्रार येते ती ‘अक्षरं पसरली’ किंवा ‘बोटाला शाई लागते’ अशी. मऊ पीव्हीसीसाठी वेगळी शाई मिळते, ती सांगून मागा. माल युरोपात जाणार असेल तर प्लॅस्टिसायझर कोणता याचा कागद दाणेवाल्याकडून आधीच घ्या. डीईएचपीसारख्या चार थॅलेट्सवर (हा प्लॅस्टिसायझरचाच एक गट) तिथे जुलै २०२० पासून वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा आहे.

पांढरं कव्हर मागणाऱ्यांना मी एकदा तरी परावृत्त करून बघतो. आपल्याकडे चावी हळदीच्या हाताने उचलली जाते. मऊ पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये हळद अशी मुरते की साबणाने जात नाही. राखाडी घ्या, गडद निळा घ्या. पांढरंच हवं असेल तर कडक आणि गुळगुळीत प्लॅस्टिक घ्या.

छपाई निघून जाते

पीपीवर छापलं आणि नखाने खरवडल्यावर निघालं, तर छपाईवाल्याशी भांडण्याआधी हे समजून घ्या. पीपीचा पृष्ठभाग शाईला धरूनच ठेवत नाही. शाई धरायची ही ताकद कारागीर डाइन या एककात मोजतात. पीपी ३० च्या आसपास असतं आणि शाई धरायला ३८ तरी लागतात. छपाईआधी ज्योतीवरून फिरवून, कोरोना (पृष्ठभागावर विजेचा झोत) देऊन किंवा प्रायमर (शाईखालचा चिकट थर) लावून ती वाढवावी लागते. ही ताकद तपासायला डाइनचं पेन मिळतं. त्याची रेघ अखंड राहिली तर ठीक, थेंब थेंब झाली तर छापू नका. ज्योत दिलेला माल गोदामात पडून राहिला तर हा परिणाम उतरत जातो, तेव्हा तो लवकर छापून मोकळे व्हा.

हे सगळं करूनही शाई सुटत असेल तर मशीनवर कोण काय फवारतंय ते जाऊन बघा. नग साच्यातून सहज निघावा म्हणून ऑपरेटर सिलिकोनचा स्प्रे मारतो आणि त्या मालावर कोणतीही शाई टिकत नाही. साच्याला पुरेसा उतार दिलेला असला, निदान एक अंश, की स्प्रेची गरजच कमी पडते.

नमुन्याची परीक्षा घरातल्या वस्तूंनीच करा. खोबरेल तेलाचं बोट फिरवा, हँड सॅनिटायझरने वीस वेळा पुसा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. एवढं सोसलं तर पुढे जा. छपाईची जागा आजूबाजूच्या कडेपेक्षा ०.३ मिमी खोल ठेवली तर बाकीच्या चाव्या अक्षरांवर घासत नाहीत. छपाई टिकवायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

रंगाचं थोडक्यात सांगतो. लाल कव्हरवर पिवळी शाई थेट मारली तर ती नारिंगी दिसते. खाली पांढरा थर मागून घ्या.

देवनागरीला इंग्रजीच्या मापात कोंबणं

हा विषय मला फार लागतो, कारण आपली अक्षरं बिघडली की दुकानाचं नावच बिघडतं. एका किराणा दुकानाच्या कव्हरांवर ‘धान्य भांडार’ छापायचं होतं. अक्षर बारीक होतं आणि शाई जरा जास्त बसली. ध आणि भ यांच्या डोक्यावर शिरोरेषेत जी छोटी फट असते ती बुजली आणि दोन हजार कव्हरांवर ‘घान्य मांडार’ उमटलं. दुकानदाराने एक नग हातात घेतला, चष्मा वर केला आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. सगळा माल पुन्हा छापावा लागला.

इंग्रजी अक्षर जितक्या जागेत मावतं तितक्यात देवनागरी मावत नाही. वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं. मुख्य अक्षराची उंची २ मिमीच्या खाली नेऊ नका आणि वर-खाली मिळून तेवढीच जागा आणखी सोडा. पॅड प्रिंटिंगमध्ये (मऊ रबरी गादीने शाई उचलून छापण्यात) ०.२ मिमीपेक्षा बारीक रेघेवर किंवा फटीवर विसंबू नका. उठावदार अक्षरं साच्यातच कोरायची असतील तर रेघ निदान ०.५ मिमीची ठेवा. बारीक-जाड वळणांचा सुलेखनी फॉन्ट फलकावर शोभतो, चावीवर सगळी रेघ एकसारख्या जाडीची हवी.

दुसरा घोटाळा फाइलचा. जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याची भलतीच चिन्हं होतात. युनिकोडचा मजकूर जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये नेला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. फाइल देण्याआधी अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे मजकूर फॉन्टवर न विसंबणाऱ्या आकृत्यांत बदला. साच्यावर अक्षरं उलटी कोरली जातात आणि उलटी देवनागरी वाचायची सवय कुणालाच नसते. म्हणून साच्याकडे बघून मान डोलावू नका. पहिला नग काढा आणि मराठी वाचणाऱ्या दोघांकडून तो मोठ्याने वाचून घ्या.

मजकूर किती असावा? दुकानाचं नाव आणि एक फोन नंबर, बास. पत्ता, तीन नंबर, घोषवाक्य, ‘स्थापना अमुक साली’ हे सगळं २५ मिमीच्या गोलात घातलं की त्यातलं काहीच वाचता येत नाही.

स्कॅन न होणारा क्यूआर

कोडमध्ये लांबलचक दुवा भरला की चौकटी वाढतात आणि बारीक होतात. २६ अक्षरांपर्यंतचा दुवा मध्यम दुरुस्ती-पातळीवर (कोड थोडा खराब झाला तरी वाचता यावा म्हणून ठेवलेली सोय) २५ बाय २५ चौकटींच्या कोडमध्ये मावतो. चारही बाजूंना चार-चार चौकटींची मोकळी जागा धरली की ३३ झाल्या. १५ मिमी जागेत एक चौकट जेमतेम ०.४५ मिमीची होते. त्याखाली जाऊ नका. ही मोकळी जागा ‘रिकामी दिसते’ म्हणून डिझायनर तिथे किनार काढतो आणि कोड वाचला जात नाही. फुगीर, चकचकीत पृष्ठभागावर दिव्याची तिरीप पडते, म्हणून कोडची जागा सपाट आणि मॅट ठेवा.

कागदी लेबलची खिडकी

पारदर्शक खिडकीमागे कागद सरकवायची सोय असते तिथे कागद सरकवायची फट बहुतेक वेळा रिंगच्या बाजूला दिलेली असते. पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरतं, इंकजेटची शाई उतरते आणि लेबल निळसर डागासारखं दिसतं. फट चावीच्या पात्याच्या बाजूने द्या, म्हणजे आधी लेबल, मग चावी. चावी आत असेपर्यंत लेबल हलत नाही आणि फटही चावीनेच बुजते. कागदाऐवजी लेझर प्रिंटरवर चालणारी पॉलिएस्टरची शीट वापरा.

कव्हरवर घराचा पत्ता

माझ्या मते यातली सगळ्यांत गंभीर चूक हीच, आणि ती चांगल्या हेतूने होते. एका बांधकाम व्यावसायिकाला ताबा देताना प्रत्येक कुटुंबाला भेट म्हणून कव्हर द्यायचं होतं. त्यावर प्रकल्पाचं नाव, विंग आणि फ्लॅट नंबर. कल्पना प्रेमाने केलेली होती. मी नमुना त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, ही चावी रिक्षात पडली तर? सापडणाऱ्याच्या हातात चावी आणि पत्ता दोन्ही जातात. त्यांना ते लगेच उमगलं. शेवटी एका बाजूला त्यांच्या कार्यालयाचा फोन, दुसऱ्या बाजूला चार आकडी क्रमांक, आणि कुठला क्रमांक कुणाचा ती वही कार्यालयात, असं ठरलं. हॉटेल, जिम, वसतिगृह सगळीकडे हाच नियम लावा. ‘तिजोरी’, ‘दुकान शटर’ असली लेबलंसुद्धा नकोत. रंग किंवा खुणेचा आकडा पुरतो.

पण नुसत्या रंगावरही सगळं सोपवू नका. लाल आणि हिरवा ओळखू न येणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि अंधारात तर कुणालाच रंग दिसत नाही. आईला मोतीबिंदू झाला तेव्हा तिच्या जुडग्यासाठी मी कव्हरांवर उठावदार ठिपके काढले. माप ब्रेलचंच घेतलं. उंची साधारण अर्धा मिमी, दोन ठिपक्यांत अडीच मिमीचं अंतर. सेफ्टी दाराला एक ठिपका, मुख्य दाराला दोन, गच्चीला तीन. ऑपरेशन होऊन आता दीड वर्ष झालं, तिला सगळं स्वच्छ दिसतं, तरी कुलूप उघडताना ती अजून जुडग्याकडे बघत नाही, अंगठा फिरवते.